क्षयरोगाचे उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे चित्रावरून ओळखता येते का?

कवडसा (धागाकर्ता)

फुप्फुसाच्या क्षयरोगावर मी उपचार घेत असून सध्या चौथा महिना संपत आला आहे. संध्याकाळी येणारा ताप पहिल्या तीन आठवड्यांतच थांबला, वजन चार किलोंनी वाढले आणि दुसऱ्या महिन्याअखेरीस थुंकीच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत. असे असूनही गेल्या आठवड्यात काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातील छाया ‘अद्याप कायम’ असल्याचे लिहून आले आणि तो कागद हाती पडल्यापासून घरातल्या सर्वांचा धीर सुटला आहे. ‘थुंकी स्वच्छ आहे, गोळ्या चालू ठेवा’, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. त्यांचे म्हणणे मी मानतो, मात्र त्यामागचे कारण मला कळलेले नाही.

त्यातच एका नातेवाइकाने पेट-सीटी करून घेण्याचा सल्ला दिला. त्यात रोग शरीरात उरला आहे की नाही ते स्पष्ट दिसते आणि रोग उरला नसेल तर गोळ्या आताच थांबवता येतील, असे त्यांचे म्हणणे आहे. शरीराला छेद न देता, केवळ चित्र काढून उपचारांची प्रगती कितपत मोजता येते, याविषयी येथील जाणकारांनी लिहावे, ही विनंती. माझे उपचार बदलण्याचा प्रश्न नाही. मला विषय समजून घ्यायचा आहे.

तमोभेदी

मी क्ष-किरण विभागात काम करतो, त्यामुळे ‘अद्याप कायम’ हे शब्द माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिले असणार, हे आधी कबूल करतो. अहवाल लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा समोर केवळ चित्र दिसते. रुग्णाचा ताप उतरला आहे, वजन वाढले आहे, थुंकी स्वच्छ झाली आहे, यांपैकी काहीही त्याला कोणी कळवलेले नसते.

एक्स-रेवर दिसणारी पांढरी छाया म्हणजे जंतू नव्हेत, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. त्या छायेत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: जंतूंविरुद्ध शरीराने उभा केलेला दाह, मेलेल्या पेशींचा साठलेला गाळ आणि जखम भरताना तयार झालेला व्रण. साध्या एक्स-रेला या तिन्ही गोष्टी जवळजवळ सारख्याच दिसतात. वणवा विझला तरी रान काही महिने काळेच दिसते, तसे हे आहे. जंतूंची संख्या औषधांमुळे काही आठवड्यांतच झपाट्याने घटते, परंतु गाळ उचलून नेण्याचे काम शरीर आपल्या गतीने, कित्येक महिने करत राहते. व्रण तर अनेकदा जन्मभर राहतो.

म्हणून उपचारांदरम्यानच्या एक्स-रेला ‘छाया आहे की नाही’ असा प्रश्न विचारू नये, ‘पूर्वीपेक्षा काय बदलले’ असा विचारावा. आम्ही जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवून पाहतो ते असे: पोकळी असल्यास ती लहान होत आहे का आणि तिची भिंत पातळ होत आहे का, आधी स्वच्छ असलेल्या भागात नवी छाया आली आहे का, फुप्फुसाभोवती पाणी साठले आहे का. जुने चित्र समोर नसेल तर या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, आणि मग अहवालात ‘कायम’ यासारखा काहीही न सांगणारा शब्द येऊन बसतो.

सीटी स्कॅनमध्ये हा गुंता बराच सुटतो. श्वासनलिकांच्या टोकांशी, फांदीला फुटलेल्या कळ्यांसारखे दिसणारे बारीक ठिपके हे सक्रिय रोगाचे लक्षण मानले जाते आणि उपचार लागू पडत असल्यास ते तुलनेने लवकर विरतात. आकसलेले तंतुमय पट्टे, रुंदावलेल्या श्वासनलिका आणि चुन्याचे खडे मागे राहतात. त्यांना पाहून घाबरण्याचे कारण नसते. तरीसुद्धा सर्व काही ठीक चालले असलेल्या रुग्णाचा सीटी केवळ मनाच्या समाधानासाठी पुन्हा काढावा, असे मी म्हणणार नाही.

सांख्यिक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र थुंकीच्या तपासणीलाही आपण अधिक मान देऊ नये. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याखालची संख्या नजरेतून निसटते. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, त्याहून पुष्कळ संवेदनशील असते, परंतु हा जंतू इतका संथ वाढतो की ‘वाढ नाही’ असे ठामपणे म्हणायला सहा आठवडे लागू शकतात. जीनएक्स्पर्टसारख्या चाचण्या जंतूंचा डीएनए शोधतात आणि मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यांना सापडतो, त्यामुळे निदानात अत्यंत उपयुक्त असलेली ही चाचणी उपचारांची प्रगती मोजण्यासाठी वापरत नाहीत. शिवाय रुग्ण बरा होऊ लागला की खोकला कमी होतो आणि तपासायला थुंकीच मिळेनाशी होते. चित्रांकडे संशोधकांचे लक्ष वळले ते या सर्व अडचणींमुळे.

एक्स-रे आणि कल्चर एकत्र वाचले असता काय साधते, याचे एक भक्कम उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पोकळी असलेल्या आणि दोन महिन्यांनंतरही कल्चरमध्ये जंतू वाढलेल्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्के रुग्णांना रोग उलटला. या दोन्ही गोष्टी नसलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात आढळल्यास सहाऐवजी नऊ महिने उपचार द्यावेत, ही अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना अशाच पुराव्यावर उभी आहे. पोकळी दाखवणारा साधा एक्स-रे उपचारांचा कालावधी ठरवण्यात असा वाटेकरी होऊ शकतो.

रुद्राक्षी

माझा प्रश्न धाग्याशी जवळचा आहे, म्हणून येथेच लिहिते. माझ्या सासूबाईंना मणक्याचा क्षयरोग आहे. तेथून थुंकी येण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे प्रगती पाहण्यासाठी आमच्या हाती केवळ एमआरआय आहे. औषधे सुरू करून तीन महिने झाल्यावर पाठदुखी निम्म्याने कमी झाली होती, त्या स्वतः उठून बसू लागल्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी काढलेल्या एमआरआयमध्ये मणक्यातील सूज ‘पूर्वीपेक्षा वाढलेली’ आणि शेजारच्या गळवाचा आकार किंचित मोठा, असे आले. एका ठिकाणी आम्हाला लगेच औषधे बदलण्यास सांगण्यात आले, दुसऱ्या ठिकाणी थांबण्यास. आम्ही थांबलो आहोत; परंतु रात्री झोप लागत नाही. चित्र खोटे बोलते असे समजायचे का?

तमोभेदी

रुद्राक्षीताई, चित्र खोटे बोलत नाही. ते उशिरा बोलते, आणि कधीकधी मधल्या काळात आवाज चढवून बोलते.

मणक्याच्या क्षयरोगात पहिल्या काही महिन्यांत रुग्णाला बरे वाटत असताना एमआरआय जैसे थे राहणे किंवा काहीसा बिघडलेला दिसणे हे आम्ही नेहमी पाहतो. जंतू मरू लागले की त्यांच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती जोमाने तुटून पडते आणि सूज तात्पुरती वाढू शकते. याला विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात. मानेतील गाठींच्या क्षयरोगात औषधे चालू असताना गाठी मोठ्या होणे, मेंदूतील क्षयगाठींभोवती सूज वाढणे, हे त्याच जातीचे प्रकार आहेत. एचआयव्हीवरील औषधे नव्याने सुरू झालेल्या रुग्णांमध्ये तर हे विशेषच दिसते.

मणका भरून येत असल्याची जी खूण आम्ही शोधतो ती सावकाश उमटते. मणक्याच्या आतील मज्जेत सूज असते तेव्हा तेथील पाण्यामुळे एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात तो भाग काळपट आणि दुसऱ्या प्रकारात उजळ दिसतो. रोग शमल्यावर त्या जागी चरबी परत येऊ लागते आणि पहिल्या प्रकारच्या चित्रात मणका पुन्हा उजळतो. हे व्हायला अनेकदा सहा महिने, कधी वर्षही लागते. त्यामुळे तीन महिन्यांच्या एका एमआरआयवरून औषधे निकामी ठरवणे घाईचे होईल, असे माझे मत आहे.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो चित्राशी संबंधित नाही. पायांतील शक्ती कमी होणे, पाय बधिर होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या एमआरआयच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दुखणे पुन्हा वाढू लागले, ताप परतला किंवा गळू सतत मोठे होत गेले, तर औषधाला दाद न देणाऱ्या जंतूची शंका घेऊन सुईने नमुना काढून कल्चर करावे लागते. ते काम कोणतेही चित्र करू शकत नाही, कारण जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाही हे चित्रात दिसत नाही.

रुद्राक्षी

मनापासून आभार. पायांतील शक्तीविषयी आम्हाला आतापर्यंत कोणीही इतके स्पष्ट सांगितले नव्हते. ती सध्या व्यवस्थित आहे.

अणुरेणू

पेट-सीटीविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नात त्याचा उल्लेख आहे आणि माझे काम अणुवैद्यक विभागात आहे.

या तपासणीत ग्लुकोजसारखा एक रेणू, एफडीजी, शिरेतून देतात. त्यावर फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो; त्याची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते. पेशी या रेणूला साखर समजून आत घेतात, पहिल्या पायरीपर्यंत पचवतात आणि पुढे पचवता न आल्यामुळे तो आतच अडकतो. साधारण तासाभराने चित्र काढले की साखरेची भूक जास्त असलेले भाग उजळलेले दिसतात. कर्करोगाच्या पेशी उजळतात, तसेच क्षयाच्या गाठींमध्ये जमलेल्या पांढऱ्या पेशीही उजळतात. म्हणजेच येथेही आपण जंतू पाहत नसून जंतूंविरुद्ध लढणाऱ्या सैन्याचा स्वयंपाक पाहत असतो. एक्स-रेपेक्षा यात एक गोष्ट निश्चित अधिक आहे: मेलेला व्रण सहसा उजळत नाही, धगधगता दाह उजळतो.

या फरकाचा उपयोग होतो का, याचा अभ्यास झाला आहे. दक्षिण कोरियातील बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोगाच्या रुग्णांवरील २०१४ च्या एका संशोधनात, दोन महिन्यांत चित्रांमध्ये झालेले बदल रुग्णाच्या अंतिम परिणामाशी थुंकीच्या तपासणीपेक्षा अधिक चांगले जुळले. हे वाचून आमच्या क्षेत्रात उत्साह संचारला होता. त्यानंतर २०१६ मध्ये केप टाऊन येथील रुग्णांवरचे संशोधन आले आणि त्याने सर्वांना विचारात पाडले. तेथे ९९ रुग्णांचे पेट-सीटी उपचारांच्या सुरुवातीला, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्याअखेरीस काढण्यात आले. नेहमीच्या निकषांनुसार बरे झालेल्या आणि पुढेही बऱ्याच राहिलेल्या अनेक रुग्णांच्या फुप्फुसांत उपचारांच्या शेवटी उजळ भाग शिल्लक होते; काहींमध्ये तर नवे उजळलेले किंवा आधीपेक्षा तीव्र झालेले भागही दिसले. काही रुग्णांच्या नमुन्यांत जंतूंचा आरएनएही सापडला, आणि आरएनए लवकर विघटित होत असल्यामुळे तो जिवंत जंतूंचा संकेत मानला जातो.

याचा मी लावलेला अर्थ असा की औषधे अनेकदा शेवटचा जंतू मारत नाहीत. ती जंतूंची संख्या इतकी खाली आणतात की उरलेल्यांना शरीर स्वतः आवरून धरते. हे खरे असेल, तर ‘पेट-सीटीत काहीही उजळले नाही पाहिजे’ ही अपेक्षा बऱ्या झालेल्या माणसालाही आजारी ठरवील. कवडसा यांच्या नातेवाइकांचा सल्ला मला उलट दिशेनेच धोक्याचा वाटतो: चौथ्या महिन्यात तपासणी केली असता काहीतरी उजळलेले दिसण्याचीच शक्यता अधिक, आणि मग त्या ठिपक्याचे करायचे काय, हे सांगणारा नियम कोणाहीपाशी नाही.

व्यवहाराच्याही काही बाबी आहेत. संपूर्ण शरीराच्या पेट-सीटीत यंत्र आणि पद्धतीनुसार साधारण ७ ते २५ मिलिसीव्हर्ट किरणमात्रा मिळते. छातीच्या एका एक्स-रेत ती ०.१ किंवा त्याहूनही कमी असते. निसर्गातून आपल्या सर्वांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. गरज असेल तेथे ही मात्रा स्वीकारण्याजोगी आहे, परंतु दर दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा काढण्यासारखी ही तपासणी नाही. त्याशिवाय रक्तातील साखर वाढलेली असेल तर ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि चित्र फिके येते. क्षयरोग आणि मधुमेह अनेकदा एकाच घरात, एकाच शरीरात नांदतात, हे लक्षात घेता ही अडचण लहान नाही.

कवडसा

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल ऋणी आहे. ‘सैन्याचा स्वयंपाक’ ही उपमा घरी सांगितली आणि वातावरण प्रथमच थोडे हलके झाले. दोन शंका उरतात. थुंकी स्वच्छ झाल्यावरही सहा महिनेच का, आणि जंतूच दाखवील असे चित्र कधी शक्य होईल का?

सांख्यिक

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात ‘सहा महिने’ हा आकडा अनेक दशकांच्या चाचण्यांतून आला असून, नीट घेतलेल्या सहा महिन्यांच्या उपचारांनी सुमारे ९५ टक्के रुग्ण कायमचे बरे होतात. वेगळ्या गटातील औषधे घालून हा काळ चार महिन्यांवर आणण्याचे तीन मोठे प्रयत्न २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिन्ही अयशस्वी ठरले. चार महिन्यांच्या गटात रोग उलटण्याचे प्रमाण वाढले. मात्र त्याच चाचण्यांत एक विलक्षण गोष्ट दडलेली होती: चार महिन्यांतही दर पाचांपैकी सुमारे चार रुग्ण बरे झाले. या चौघांना पुढचे दोन महिने अनावश्यक होते, फक्त ते चौघे कोण आणि पाचवा कोण, हे आधी ओळखण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. चित्रांवरील बहुतेक संशोधन या पाचव्या माणसाच्या शोधात आहे. तो सापडत नाही तोवर सर्वांनी सहा महिने घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. पुढे २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा उपचारक्रम यशस्वी ठरला, तोही औषधे बदलून. नेहमीच्या गोळ्या मध्येच सोडून नव्हे.

बालवैद्य

लहान मुलांच्या बाबतीत याला एक सुखद अपवाद आहे. युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत येथील १,२०४ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाइन चाचणीत, सौम्य क्षयरोगासाठी चार महिन्यांचे उपचार सहा महिन्यांच्या उपचारांच्या तोडीचे ठरले. रोग सौम्य आहे हे ठरवण्यात छातीच्या एक्स-रेचा मोठा वाटा होता. अर्थात येथे चित्राने प्रारंभीची तीव्रता सांगितली. उपचार पुरेसे झाले की नाही, हे त्याला विचारलेले नव्हते. ही चर्चा वाचताना या दोन प्रश्नांची गल्लत होऊ नये असे वाटते.

अणुरेणू

कवडसा यांच्या दुसऱ्या शंकेविषयी लिहिताना मला विशेष आनंद होतो. क्षयाचा जंतू आपल्या बाह्य आवरणासाठी ट्रेहॅलोज नावाची साखर वापरतो आणि मानवी शरीर ही साखर तयार करत नाही. या फरकाचा फायदा घेऊन ऑक्सफर्ड, पिट्सबर्ग आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ट्रेहॅलोजवर फ्लोरिन-१८ बसवलेला, एफडीटी नावाचा रेणू तयार केला आणि त्याविषयीचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. जंतूचीच विकरे (एन्झाइम) हा रेणू उचलून आवरणात गुंफतात, त्यामुळे जंतू जेथे जिवंत आहे तेथे तो साठण्याची अपेक्षा असते. यातील हुशारी रसायनकृतीत आहे: सर्वत्र मिळणाऱ्या एफडीजीपासूनच काही विकरांच्या मदतीने एफडीटी तयार होतो, त्यासाठी खास प्रयोगशाळा उभारावी लागत नाही. हे काम माकडांसह इतर प्राण्यांवर झाले आहे. रुग्णांच्या रोजच्या उपचारात तो रेणू अद्याप आलेला नाही, हे आवर्जून सांगतो.

दुसरी दिशा औषधालाच किरणोत्सारी करण्याची आहे. जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील प्रमुख औषधाच्या रेणूत कार्बन-११ बसवला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या क्षयरोगाच्या १२ रुग्णांमध्ये औषध प्रत्यक्ष कोठवर पोहोचते ते पाहिले. पोकळ्यांच्या भिंतींमध्ये ते सर्वांत कमी पोहोचत असल्याचे दिसले. सांख्यिक यांनी सांगितलेल्या, पोकळी असणाऱ्या रुग्णांमध्ये रोग उलटण्याच्या आकड्यांशी हे किती नेमके जुळते, ते पाहावे. रक्तातील औषधाची पातळी मोजून ही गोष्ट कधीच कळली नसती.

तमोभेदी

विषयाला धरून एक व्यावहारिक सूचना करतो, कवडसा आणि रुद्राक्षीताई दोघांसाठीही. उपचार ज्या दिवशी पूर्ण होतील, त्या सुमारास एक चित्र अवश्य काढून घ्यावे, फुप्फुसासाठी साधा एक्स-रे पुरेल. तो रोग गेल्याचे प्रमाणपत्र म्हणून काढायचा नाही. तुमच्या शरीरात कायम राहणाऱ्या व्रणांचा तो नकाशा आहे. रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या वर्षभरात उलटतो, आणि पुढे कधी खोकला लांबला, नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली, तर नव्या डॉक्टरांना ती छाया जुनी की नवी हे या एका चित्रावरून ठरवता येते. हे चित्र नसल्यामुळे बरे झालेल्या माणसांना पुन्हा उपचार सुरू झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

एमआरआय किंवा सीटी असेल तर केवळ कागदी अहवाल आणि फिल्म घेऊन येऊ नये, मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी. फिल्मवर निवडक चित्रे छापतात, तर फाइलमध्ये शेकडो असतात. शक्य असल्यास पुढची तपासणी त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने करावी, आणि मागणीच्या चिठ्ठीवर ‘क्षयरोगाचे उपचार चालू, अमुक महिना, लक्षणे कमी, जुन्या चित्राशी तुलना करावी’ एवढे एक वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

कवडसा

पहिला एक्स-रे निदान झाले त्या ठिकाणीच राहिला होता. आज जाऊन त्याची प्रत घेतली. दोन्ही चित्रे खिडकीच्या काचेवर शेजारी धरून पाहिली, तेव्हा माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसले की लिंबाएवढी पोकळी आता बोराएवढी उरली आहे. अहवालात ते कोठेही लिहिलेले नाही. पुढच्या भेटीत दोन्ही चित्रे डॉक्टरांना एकत्र दाखवणार आहे, आणि पेट-सीटीचा विचार सोडला आहे.

रुद्राक्षी

आम्हीही फाइल मागितली आहे. पुढचा एमआरआय सहाव्या महिन्यात, त्याच यंत्रावर करायचे ठरले आहे. काय येते ते येथे कळवीन.